बटाटा सडण्याआधीची शिरगणती

पावसाळ्यात मार्केट यार्डाच्या कांदा-बटाटा विभागात पोतं पाठीवर घेणाऱ्या हमालाला आतल्या मालाचं काय झालंय, ते पोतं उघडण्याआधीच कळतं. बारदानाचा एखादा कोपरा ओला, बुळबुळीत लागतो. पोतं सोडलं की वरचे बटाटे ठणठणीत दिसतात. मधल्या थरातून मात्र एक असा निघतो, ज्याची साल शाबूत आहे, पण अंगठ्याने जरा दाबलं की आतला मळकट पांढरा लगदा बाहेर येतो. तोच बटाटा मधोमध कापला तर सडका भाग आणि चांगला भाग यांच्यामध्ये काळपट रेघ दिसते. गंमत म्हणजे सुरुवातीला त्याला फारसा वासही नसतो. नाकाला रुमाल लावायला भाग पाडणारी ती दुर्गंधी नंतरची, आयत्या अन्नावर तुटून पडलेल्या इतर जिवाणूंची. शेजारचे चार-पाच बटाटे त्या पाण्याने भिजलेले असतात. आग्र्याहून किंवा इंदूरहून ताडपत्रीखाली कोंडून आलेल्या ट्रकमध्ये एवढी सुरुवात पुरते. दहा किलोच्या भावावर चाललेल्या व्यवहारात मग पोत्यामागे घट किती धरायची, यावर गाळ्यावर बोलाचाली सुरू होते.

हे काम पेक्टोबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूचं. जुन्या पुस्तकांत त्याचं नाव एर्विनिया असं आढळतं. तो बाजारात येऊन चिकटत नाही. बटाट्याबरोबर शेतातूनच आलेला असतो. बटाट्याच्या सालीवर जे बारीक ठिपके दिसतात, ती त्याची श्वास घेण्याची छिद्रं. त्या छिद्रांत हा जिवाणू आठवडेच्या आठवडे काहीही न करता बसून राहतो. असा बटाटा आपण रस्सा करून खातोही आणि आपल्याला कळतही नाही. मग कधीतरी ओल येते, सालीवर पाण्याचा पातळ थर बसतो, आत हवा पोचेनाशी होते, बटाट्याची स्वतःची प्रतिकारयंत्रणा ढिली पडते आणि जिवाणू वाढू लागतो. पण वाढू लागला म्हणून लगेच हल्ला करत नाही. एकाचे दोन, दोनाचे चार असं बराच वेळ चालतं, बटाट्याला ओरखडाही उठत नाही आणि मग जवळजवळ एकाच वेळी सगळे मिळून बटाटा विरघळवायला लागतात.

थांबण्याला कारण आहे. या जिवाणूचं हत्यार म्हणजे पेक्टिन तोडणारी विकरं. पेक्टिन हा वनस्पतीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा पदार्थ. पेरूची जेली घट्ट बसते ती त्याच्याच जोरावर. पेक्टिन तुटलं की पेशी सुट्या होतात आणि गराचा लगदा होतो. मात्र पेक्टिनचे तुटके तुकडे ही वनस्पतीसाठी धोक्याची सूचनाही असते. ते तुकडे जाणवले की वनस्पती संरक्षणाची रसायनं तयार करू लागते. मूठभर जिवाणूंनी घाई करून विकरं सोडली, तर बटाटा सावध होईल आणि ते मूठभर मरतील. संख्या पुरेशी झाल्यावर सगळ्यांनी एकदम सोडली, तर बटाट्याला सावरायला वेळच मिळत नाही. म्हणजे हल्ल्याआधी शिरगणती हवी. डोळे नाहीत, मेंदू नाही, एकच पेशी. ती कशी मोजणार?

याचं उत्तर इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम आणि वॉरिक विद्यापीठांतल्या मंडळींना १९९२ मध्ये मिळालं, तेही वेगळ्याच कामातून. पेक्टोबॅक्टेरियम कार्बापेनेम जातीचं एक प्रतिजैविकही बनवतो. आज अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून जी मेरोपेनेमसारखी औषधं देतात, त्याच कुळातलं. संशोधकांनी या जिवाणूचे असे बिघडलेले वाण निवडले होते, ज्यांना प्रतिजैविक बनवता येत नव्हतं. त्यातले दोन वाण शेजारी शेजारी वाढवले, तर एक वाण पुन्हा ते बनवायला लागे. म्हणजे दुसऱ्याकडून काहीतरी झिरपत येत होतं. ते काहीतरी शुद्ध करून पाहिलं, तेव्हा एक लहानसा रेणू निघाला: होमोसेरीन लॅक्टोनचं एक कडं आणि त्याला जोडलेलं सहा कार्बनचं शेपूट. पुढच्याच वर्षी दोन गटांनी दाखवलं की बटाटा विरघळवणाऱ्या विकरांचा हुकूमही हाच रेणू देतो. हल्ला आणि प्रतिजैविक एकाच इशाऱ्यावर, हे अगदी व्यवहारी आहे. बटाटा फुटला की रस सांडणार, त्यावर इतर जिवाणू येणार. त्यांच्या आधीच बंदोबस्त करून ठेवायचा.

खरी चकित करणारी गोष्ट अशी की हा रेणू नवा नव्हता. तंतोतंत हाच रेणू १९८१ मध्ये समुद्रातल्या एका जिवाणूत सापडला होता. व्हिब्रिओ फिशेरी नावाचा तो जिवाणू प्रकाश देतो. हवाई बेटांजवळचं एक छोटं स्क्विड त्याला पोटाखालच्या अवयवात पाळतं आणि रात्री शिकारीला निघताना त्याच्या उजेडात स्वतःची सावली पुसून टाकतं. (आपल्या कोकण किनाऱ्यावर कधीकधी लाटा निळ्या चमकतात, त्या या जिवाणूमुळे नव्हेत, ती करामत नॉक्टिल्युका नावाच्या दुसऱ्याच सूक्ष्मजीवाची.) हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला, तर तो लगेच वाढू लागतो, पण उजेड मात्र तासन् तास पडत नाही आणि मग एकाएकी झपाट्याने वाढतो. १९७० मध्ये केनेथ नील्सन, टेरी प्लॅट आणि वुडलँड हेस्टिंग्ज यांनी याचा अर्थ लावला: जिवाणू बाहेर एक पदार्थ सोडतात, तो पुरेसा साठला की दिवा लागतो. मोकळ्या समुद्रात तो पदार्थ वाहून जातो, स्क्विडच्या बंद अवयवात साठतो. त्याच्याही पाच वर्षं आधी अलेक्झांडर टोमाझ यांनी न्यूमोनियाच्या जिवाणूत असंच काहीतरी पाहून त्याला संप्रेरकासारखा पदार्थ म्हटलं होतं. जिवाणू म्हणजे एकेकटे, आपापलं खाणारे आणि दुभंगणारे जीव, या समजुतीत हे बसत नव्हतं. त्यामुळे दोन्ही कामं बराच काळ किरकोळ चमत्कारांच्या रांगेत पडून राहिली.

बटाट्याने ते चित्र बदललं. समुद्रातला दिवा आणि पोत्यातली सड यांचा इशारा एकच निघाला, तेव्हा ही सोय जिवाणूंच्या दुनियेत सर्रास असणार, हे लक्षात आलं. १९९४ मध्ये फ्यूक्वा, विनान्स आणि ग्रीनबर्ग यांनी तिला 'क्वोरम सेन्सिंग' असं नाव दिलं. गणपूर्ती झाली का, ते चाचपणं.

यंत्रणा बघायला गेलं तर फार साधी आहे. एक विकर सतत थोडा थोडा इशारा बनवत राहतं, तो पेशीच्या भिंतीतून आत-बाहेर सहज झिरपतो. एकटा जिवाणू असेल तर इशारा पसरून विरळ होतो. गर्दी झाली की बाहेर आणि आत सारखाच दाट होतो. पेशीत एक ग्राहक प्रथिन असतं, ते या रेणूला पकडतं आणि मग ठरावीक जनुकं चालू करतं. व्हिब्रिओमध्ये चालू होणाऱ्या जनुकांत इशारा बनवणाऱ्या विकराचंही जनुक असतं, म्हणून एकदा सुरू झालं की पाहता पाहता भडकतं. पेक्टोबॅक्टेरियममध्ये याच्या उलट मांडणी आहे. तिथे मुख्य ग्राहक प्रथिन इशारा नसताना काम करतं: विकरांची जनुकं दाबून धरायची. इशारा येऊन चिकटला की त्याची पकड सुटते. परिणाम तोच, रस्ता उलटा. उत्क्रांती एकाच कामासाठी किती वेगवेगळी जुळवाजुळव करते, याचा हा नमुना मला त्या प्रसिद्ध स्क्विडपेक्षाही जास्त बोलका वाटतो.

इथे एका शंकेखोर बाईंचं नाव घेतलं पाहिजे. कॅनडातल्या रोझी रेडफिल्ड यांनी २००२ मध्ये विचारलं, की जिवाणू शेजारी मोजतात हे कशावरून? कदाचित ते फक्त जागा तपासत असतील. महागडी विकरं बाहेर सोडायच्या आधी एक स्वस्त रेणू सोडून बघायचा. तो जवळपास टिकून राहिला, तर जागा बंद आहे, विकरंही टिकतील. वाहून गेला तर खर्च वाया जाईल. बटाट्याच्या सालीवरल्या ओल्या छिद्राचा विचार केला, तर ही शंका चांगलीच लागू पडते. ओल साठलेलं कोंदट छिद्र म्हणजे इशारा साठण्याची उत्तम जागा. तिथे थोडे जिवाणूही स्वतःला गर्दी समजू शकतील. माझं मत विचाराल, तर दोन्ही गोष्टी एकाच रेणूने एकाच वेळी मोजल्या जातात आणि जिवाणूला त्यांत फरक करण्याची गरजही पडत नसावी. 'जिवाणूंचा संवाद' असं आपण म्हणतो ते आपल्या हौसेखातर. बहुतेक वेळा तो संवाद नसून हिशेब असतो.

आता त्याच यार्डात जरा फिरू. बटाट्याच्या शेजारी कांदा. चाकण, राजगुरुनगर, जुन्नर भागांतून आलेला. गाळ्यावर कांदा निवडणाऱ्या बायका गोल्टी वेगळी काढतात, बदला वेगळा काढतात आणि शंका आली की कांद्याची मान दाबून बघतात. वरची पत्ती कोरडी, चकचकीत आणि आतली एखादी पाकळी मऊ, आंबूस वासाची, असा कांदा निघाला तर त्यामागे बुर्खोल्डेरिया हा जिवाणू असू शकतो. १९५० मध्ये वॉल्टर बर्कहोल्डर या अमेरिकी वनस्पतिरोगतज्ज्ञांनी त्याचं वर्णन कांद्यावरूनच केलं. पुढे हाच जिवाणू सिस्टिक फायब्रोसिस झालेल्या रुग्णांच्या फुप्फुसांत सापडला आणि कुप्रसिद्ध झाला. त्याचाही इशारा होमोसेरीन लॅक्टोनच आहे, पण शेपूट आठ कार्बनचं. शिवाय त्याच्याकडे दुसरा एक इशाराही आहे, तो वेगळ्याच धाटणीचा: एक स्निग्धाम्ल.

तसाच स्निग्धाम्लाचा इशारा फळ विभागात भेटतो. डाळिंबावर तेल्या आणणारा जिवाणू झँथोमोनास कुळातला. सोलापूर, सांगोला, नाशिक, पुणे या पट्ट्यातल्या बागाईतदारांना तेल्या म्हणजे काय ते सांगायला नको. फळावर तेलाचा थेंब पडल्यासारखा डाग, मग तो काळा पडतो आणि फळ तिथेच इंग्रजी वाय किंवा एल अक्षराच्या आकारात तडकतं. या कुळाचा इशारा प्रथम कोबीवरच्या घाण्या रोगाच्या जिवाणूत १९९७ मध्ये दिसला आणि २००४ मध्ये त्याची रचना कळली: बारा कार्बनची साखळी, एक दुहेरी बंध, टोकाजवळ एक मिथिल गट. या इशाऱ्याला प्रतिसाद देऊन जिवाणू आपला एकमेकांना चिकटलेला पुंजका सोडवतात आणि वनस्पतीच्या ऊती तोडणारी विकरं सोडतात. काम तेच, पण रेणूचा होमोसेरीन लॅक्टोनशी काडीचा संबंध नाही.

तेल्यावर बागाईतदार वर्षानुवर्षं ज्या फवारण्या करत आले, त्यात कॉपर ऑक्सिक्लोराइडबरोबर स्ट्रेप्टोसायक्लीन असे. स्ट्रेप्टोसायक्लीनमध्ये नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लीन. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये ते तयार होई. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी कारखान्याने पिंपरीच्याच मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध काढलं आणि त्या जातीचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असं ठेवलं. स्ट्रेप्टोमायसिन ज्या जातीपासून मिळतं, ती स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस. ती तरी हे औषध केव्हा बनवते? १९६७ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ खोखलोव्ह यांनी शोधून काढलं की ती एक 'ए-फॅक्टर' नावाचा रेणू बाहेर सोडते. तो पुरेसा साठला, की ती बीजाणू धरते आणि स्ट्रेप्टोमायसिन बनवते. म्हणजे डाळिंबाच्या बागेत एका जिवाणूच्या गणपूर्तीनंतरचं हत्यार आपण दुसऱ्या जिवाणूच्या गणपूर्तीविरुद्ध फवारत होतो. ए-फॅक्टर हाही लॅक्टोन, पण वेगळ्या बांधणीचा.

एका बाजारात इतके प्रकार. त्यापलीकडचे तर मोजत बसावेत असे. होमोसेरीन लॅक्टोनच्याच शेपटीची लांबी चारपासून अठरा कार्बनपर्यंत असते आणि तिसऱ्या कार्बनवर ऑक्सिजन आहे की नाही, यावरूनही रेणू बदलतो. एका जिवाणूने तर शेपूट स्वतः बनवायचंच सोडून वनस्पतीकडून मिळणारं क्युमारिक आम्ल जोडून घेतल्याचं २००८ मध्ये आढळलं. दही-चीजच्या कुळातले, जखमा चिघळवणारे, मातीतले असे पुष्कळ जिवाणू लॅक्टोनच्या वाटेलाच जात नाहीत. ते अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या वापरतात, पेप्टाइडं. बॉनी बॅसलर यांनी शोधलेल्या एका इशाऱ्यात चक्क बोरॉन निघालं. तो इशारा बऱ्याच जातींत सापडतो, म्हणून त्याला सगळ्या जिवाणूंची सामाईक भाषा म्हणण्याची फॅशन मध्यंतरी होती. मला ते अतिरंजित वाटतं. तो रेणू पेशीच्या रोजच्या रासायनिक साफसफाईतून आपोआप निघतो. कचरा सगळेच बाहेर टाकतात, म्हणून सगळे बोलतात असं होत नाही.

मग इतके प्रकार झाले तरी का? सोपं उत्तर असं दिलं जायचं: गुप्तता. जुन्या गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत, बाजूला उभ्या असलेल्याला पत्ता लागू नये म्हणून. तसंच प्रत्येक जातीचा इशारा वेगळा, शेजारच्या जातीने ऐकू नये म्हणून. ऐकायला पटतं. पण हिशेब जुळत नाही. गुप्तता हेच कारण असतं, तर वेगळ्या जातींचे इशारे वेगळे आणि एका जातीतल्या सगळ्यांचा एकच, असं दिसायला हवं होतं. दिसतं नेमकं उलटं. हवाईच्या समुद्रातला जिवाणू आणि आग्र्याच्या बटाट्यातला जिवाणू एकच रेणू वापरतात. आणि एकाच जातीतले, एकाच ढेकळातले भाऊबंद एकमेकांचा इशारा ओळखत नाहीत.

हे ढेकूळ खरोखरीचं आहे. बटाट्याला चिकटून येणाऱ्या मातीत हमखास सापडणारा एक जिवाणू म्हणजे बॅसिलस सबटिलिस. त्याचा इशारा पेप्टाइड आहे. तो बनवणारं, त्याला आकार देणारं आणि तो ओळखणारं अशी तिन्ही जनुकं शेजारी शेजारी असतात. या जिवाणूचे वेगवेगळे वाण तपासले, तर आजूबाजूची सगळी जनुकं जवळपास सारखी आणि नेमका हाच तुकडा वाणावाणांत बदललेला. स्लोव्हेनियातल्या पोलोन्त्सा स्टेफानिच आणि इनेस मांडिच-मुलेत्स यांनी नदीकाठच्या मातीच्या अगदी लहान नमुन्यांतून हे जिवाणू वेगळे केले. तेवढ्याशा मातीतही एकमेकांना दाद न देणारे गट शेजारी नांदत होते. पेक्टोबॅक्टेरियमचंही तसंच. त्याचे काही वाण सहा कार्बनचं शेपूट लावतात, काही आठ कार्बनचं, आणि इशारा बनवणाऱ्या विकरात एकच अमिनो आम्ल बदललं तरी आठाचं सहा होतं, असं फिनलंडच्या गटाने २००५ मध्ये दाखवलं.

बदल इतका स्वस्त असेल, तर तो टिकतो का, एवढाच प्रश्न उरतो. बहुतेक वेळा टिकू नये. ज्याचा इशारा कुणाला कळत नाही आणि ज्याला कुणाचा कळत नाही, असा बहिरा-मुका जिवाणू कळपात कसा तगणार? तेल अवीवच्या अविगडोर एल्डार यांनी २०११ मध्ये याचं जे उत्तर मांडलं, ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत चलाख उत्तर वाटतं. ते म्हणतात, तो तगतो, कारण तो बहिरा आहे.

बॅसिलसचं उदाहरण घेऊ. इशारा मिळाला की हा जिवाणू सर्फॅक्टिन नावाचा साबणासारखा पदार्थ बाहेर सोडतो. त्याने पृष्ठभाग निसरडा होतो आणि सगळी वसाहत नव्या जागी पसरू शकते. सर्फॅक्टिन बनवायला खर्च येतो; फायदा मात्र जो बनवतो त्याला आणि जो बनवत नाही त्यालाही सारखाच. आता एखाद्याचं ग्राहक प्रथिन बिघडलं. त्याला इशारा ऐकूच येत नाही, त्यामुळे तो खर्च करत नाही. शेजाऱ्यांच्या निसरड्या पायवाटेवरून मात्र मजेत सरकतो. आयत्या बिळावर नागोबा. वाचलेल्या खर्चातून तो जास्त वाढतो, त्याची संख्या वाढत जाते. पण फुकटे वाढले की सर्फॅक्टिन बनवणारं कुणी उरत नाही आणि सगळ्यांचंच बसतं. या टप्प्यावर त्या बहिऱ्यांमध्ये कुणाच्या तरी इशाऱ्यात असा बदल झाला की तो त्या बिघडलेल्या ग्राहकाशी जुळतो, तर? तो गट आता आपसात ऐकू शकतो. जुन्या गटात अल्पसंख्य असेल, तेव्हा त्यांचा इशारा ऐकू न आल्याने फुकट खातो. स्वतःचीच गर्दी झाली की मात्र इमानदारीने काम करतो. एक नवा इशारा जन्माला आला आणि तो गुप्ततेसाठी नव्हे, फुकटेगिरीतून.

२०१६ मध्ये एल्डार यांच्याच प्रयोगशाळेने बॅसिलसचे वेगवेगळे इशारे बोलणारे वाण एकत्र वाढवून पाहिले. जो गट थोडा असेल, तो वरचढ ठरत गेला, मग तो कोणताही असो. थोड्यांना फायदा होतो म्हणजे कोणताच गट पूर्ण संपत नाही आणि कोणताच एकटा सगळी माती व्यापत नाही. ढेकळात इतकी विविधता का नांदते, याचं कारण हे असं दिसतं. बंधुभाव वगैरे त्यात काही नाही.

कधी कधी प्रकरण फुकटेगिरीवर थांबत नाही. आपल्या नाकात, कातडीवर राहणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस इशाऱ्याच्या दृष्टीने चार गटांत विभागलेला आहे. एका गटाचं पेप्टाइड दुसऱ्या गटाच्या ग्राहकाला जाऊन चिकटतं, पण त्याला चालू करत नाही, उलट अडवून ठेवतं. रिचर्ड नोविक यांच्या गटाने १९९७ मध्ये हे दाखवलं. स्वतःला बोलवायचं आणि त्याच दमात दुसऱ्याचं तोंड बंद करायचं.

बॅसिलसचे काही भाऊबंद आणखी एक पाऊल पुढे गेले. सिंगापूरमध्ये यि-हू डाँग आणि लियान-हुई झांग यांनी २००० मध्ये मातीतल्या एका बॅसिलसमध्ये असं विकर शोधलं, जे होमोसेरीन लॅक्टोनचं कडंच फोडून टाकतं. कडं फुटलं की इशारा निकामी. पुढच्या वर्षी त्यांनी ते जनुक तंबाखू आणि बटाट्यात घातलं. पेक्टोबॅक्टेरियम त्या बटाट्यात शिरला, वाढला, पण गर्दी झाल्याचं त्याला कळलंच नाही आणि सड फारशी पसरली नाही. जिवाणू मेले नव्हते, नुसते थांबून राहिले होते.

उलटा डावही करून बघितला गेला: वनस्पतीलाच इशारा बनवायला लावायचा, म्हणजे जिवाणू संख्या जमायच्या आत हल्ला करून फसतील. तंबाखूत हे जमलं. २००१ मध्ये फिनलंडच्या गटाने दाखवलं की इशारा बनवणारी तंबाखू जास्त तगडी निघाली. तोच प्रयोग स्कॉटलंडमध्ये बटाट्यावर केला, तर २००४ मध्ये निकाल उलटा आला: इशारा बनवणारे बटाटे जास्तच सडले. विचार केला तर यात विसंगती नाही. घाईने केलेला हल्ला फसतो, तो सामना करणारा जागा असला तर. पानं जागी असतात. काढणीनंतर पोत्यात, ओलीत, हवेविना पडलेला बटाटा जवळजवळ झोपलेला असतो. त्याला लवकर हल्ला झाला काय आणि उशिरा झाला काय.

इशारा बंद पाडणारी औषधं काढली, तर प्रतिजैविकांप्रमाणेच त्यांनाही जिवाणू दाद देईनासे होतील का, हा पुढचा प्रश्न. प्रतिजैविकाच्या बाबतीत जो एक जिवाणू वाचतो, त्याला सगळं रान मोकळं मिळतं. इशारा अडवणाऱ्या औषधात जो एक जिवाणू दाद देत नाही, तो इशारा ऐकतो आणि खर्चिक विकरं सोडतो, पण त्यातून सुटणारी साखर त्याच्याबरोबर हजारो गप्प बसलेल्या शेजाऱ्यांनाही मिळते. मेहनत त्याची, वाढ सगळ्यांची. अशा जिवाणूचं पीक फोफावत नाही, हे २०११ मध्ये स्यूडोमोनास या जिवाणूवरच्या प्रयोगात दिसलं. २०१२ मध्ये दुसऱ्या गटाला मात्र त्याच जिवाणूत दाद न देणारे वाण सहज मिळाले. फरक अन्नाचा होता: त्यांनी दिलेलं अन्न पेशीच्या आत पचवायचं होतं, फायदा खासगी होता. पेक्टिन पेशीच्या बाहेर तुटतं आणि त्याचा रस पोत्यात सगळ्यांना मिळतो, तेव्हा बटाट्याच्या बाबतीत पहिला हिशेब लागू पडायला हवा. डाळिंबाच्या तडकलेल्या फळात कोणता लागू पडेल, ते तेल्याचा जिवाणू आपलं अन्न कुठे पचवतो, त्यावर ठरेल.